विशारदाची बिगरी

संगीताची पदवी हे एक अजब प्रकरण आहे. दुसऱ्या कुठल्याही शाखेत प्रवेश घ्यायचा तो त्या विषयातलं आपल्याला काही येत नाही म्हणून. वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात कोणी विचारत नाही, की आजवर अपेंडिक्स किती काढलीत. स्थापत्य शिकायला आलेल्या मुलाने येताना एखादा लहानसा पूल बांधून आणावा, अशीही कोणाची अपेक्षा नसते. संगीत विभागात मात्र पहिल्याच दिवशी तीन परीक्षक समोर बसतात आणि म्हणतात, "हं, काय गाणार?" म्हणजे जे शिकायला आलो, ते आधीपासून येत असलं पाहिजे. परिणाम असा होतो, की पहिल्या वर्षाच्या वर्गात येऊन बसणारा मुलगा विद्यार्थी नसतोच, तो आपल्या गावातला प्रसिद्ध गायक असतो. गणेशोत्सवात अभंग गाऊन त्याने अध्यक्षांच्या हस्ते रोख बक्षीस घेतलेलं असतं. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या ईशस्तवनाचा आणि स्वागतगीताचा मक्ता सलग सात वर्षं त्याच्याकडे असतो. आईच्या भिशीतल्या बायका "गळ्यात सरस्वती आहे हो पोराच्या" असं म्हणालेल्या असतात, आणि ते त्याने आतल्या खोलीतून ऐकलेलं असतं. अशा या सरस्वतीपुत्राच्या हातात वेळापत्रकाचा कागद पडतो आणि त्यात मंगळवारी अकरा ते एक या चौकटीत लिहिलेलं असतं : सहायक वाद्य, तबला.

माझं म्हणणं असं, की त्या सबंध पदवीत खऱ्या अर्थाने शिकण्याचे तास काय ते हेच दोन. बाकीचे तास जे येतं ते वाढवण्याचे आहेत. तेही महत्त्वाचे, त्याबद्दल वाद नाही. भूप येणाऱ्याला देसकार यावा, मध्यलयीत रमणाऱ्याने विलंबिताला हात घालावा, हे सगळं हवंच. पण ती आधीच्या घरावर चढवलेली माडी झाली. मंगळवारी अकरा वाजता मात्र हा मुलगा मोकळ्या प्लॉटवर उभा असतो आणि त्याच्याकडे वीटसुद्धा नसते. गाता येतं कसं हे त्याला ठाऊक असतं. न येणं म्हणजे काय, हे तो सहाव्या-सातव्या वर्षीच विसरून गेलेला असतो. ते आठवायला लावणं हे त्या दोन तासांचं काम. त्यातून तबला आला तर तो नफ्यात.

यावर पहिली हरकत खुद्द विद्यार्थीच घेतो. तो म्हणतो, "सर, तबला येतो मला." आणि ते एका अर्थी खरंही असतं. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतच्या सात परीक्षांत त्याने तबला वाजवलेला असतो, फक्त तोंडाने. त्रितालाच्या 16 मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर काल, मग त्याचीच दुप्पट आणि चौपट, हे सगळं तो मांडीवर हात आपटत झोपेतही म्हणेल. लेखी परीक्षेत त्याने "तबल्याची आकृती काढून भागांना नावे द्या" हा प्रश्न कधीही सोडलेला नसतो, कारण हमखास गुणांचा प्रश्न सोडणारा तो वेडा नव्हे. टोकदार पेन्सिलीने काढलेला तो तबला इतका सुबक असतो, की तो वाजेल अशी भीती वाटावी. शाई, लव, चाट, गजरा, वादी, गठ्ठे अशी सगळी नावं बाणांसकट जागच्या जागी. मात्र ज्याने शाईवर चार ओळींची टीप लिहिली त्याच्या बोटाला शाईचा काळा डाग कधी लागलेला नसतो. पुरणपोळीची कृती मुखोद्गत असलेल्या माणसाने आयुष्यातली पहिली पोळी लाटायला घ्यावी आणि सगळं पुरण पोळपाटावर यावं, तसा हा पहिला मंगळवार असतो. पोळपाट दोषी, लाटणं दोषी, कणीक सैल. कृती तर बरोबरच होती.

तो मंगळवार जरा जवळून पाहण्यासारखा आहे. चुंबळीवर तबला ठेवला जातो, शेजारी डग्गा. शिक्षक सांगतात, आज फक्त 'ना' वाजवायचा. अनामिका शाईच्या कडेला हलकीच टेकवायची आणि तर्जनीने चाटेवर मारून लगेच उचलायची. एवढंच. आता अनामिका हे बोट आपल्या समाजात गंध लावणे आणि साखरपुड्याची अंगठी मिरवणे या दोन कामांपुरतं नेमलेलं असतं. त्याला कोणी कधी 'हलकंच टेक' असं सांगितलेलं नसतं. त्यामुळे एक तर ते तबल्यावर बसच्या सीटवर रुमाल टाकावा तसं पसरतं, नाही तर सोवळ्यात असल्यासारखं वर तरंगत राहतं. पसरलं की आवाज मरतो, तरंगलं की तबला भलतंच काहीतरी बोलतो. 'ना' हा असा स्वच्छ, टणक, घुमून थांबणारा नाद असतो म्हणे. पहिल्या दिवशी निघणारा आवाज मात्र शेजारच्यांकडे विरजण मागायला आलेल्या माणसाने दार वाजवावं, त्या जातीचा असतो. मग डग्गा. त्यावर मनगट टेकवून बोटांनी 'गे' काढायचा. इथे उजवा हात जे करतो ते डाव्याला नको असतं आणि डावा जे करतो त्याची उजवा लगेच नक्कल करून दाखवतो. आणि दोघांनी एकाच क्षणी पडायचं, तेव्हा कुठे एक 'धा' होतो. त्रितालात असे 'धा' पुष्कळ असतात. वहीत ते एका रेघेत मावत होते.

आता गाणं आणि वाद्य यांत एक फार मोठा नैतिक फरक आहे, तो या वेळी उघड होतो. गळा हे कोणाला न दिसणारं वाद्य. ते बिघडलं की त्याची कारणं बाहेर सापडतात : हवा बदलली, काल ताक प्यायलो, लग्नात गार सरबत दिलं, एसीखाली झोपलो. "आज आवाज बसलाय" एवढं म्हटलं की गुरुजी स्वतः आलेपाकाची वडी काढून देतात. तबल्यावर अशी कुठलीही सोय नाही. "आज बोट बसलंय" असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. उलट मराठी भाषेने इथे गायकावर सूडच उगवला आहे : आवाज बसला तर सुटी, हात बसला तर शाबासकी. हात बसलेला नाही, हे चार भिंतींत बसलेल्या सगळ्यांना एकाच वेळी दिसतं आणि ऐकूही येतं. कुठलं बोट चुकलं हे शिक्षक बोट दाखवून सांगू शकतात. गळ्याच्या बाबतीत जे "जरा आतून येऊ दे" अशा गूढ सूचनांवर वर्षानुवर्षं निभावतं, ते इथे "तिसरं बोट उचल" इतक्या सरळ भाषेत येतं. ज्याला आजवर दोष म्हणजे वातावरणातला बदल वाटत होता, त्याला दोष म्हणजे आपलंच बोट हे कळणं, यासाठी दोन तास काही जास्त नाहीत.

हे कळलं नाही तर बिघडतं काय? बिघडतं ते पदवीनंतर. संगीताच्या पदवीधरांपैकी मैफलीवर पोट भरणारे किती, हे मोजायला हाताची बोटं पुरतात, आणि तीही पुरेशी न बसलेली असली तरी चालतात. बाकीचे शिकवतात. शाळेत, क्लासमध्ये, घरच्या हॉलमध्ये सोफा सरकवून. त्यांच्यासमोर येऊन बसतात ती आठ वर्षांची, नाकात बोट घालणारी मुलं आणि निवृत्तीनंतर हौस पुरवायला आलेले बँकेतले काका. दोघांनाही 'सा' लागत नसतो. आणि ज्या शिक्षकाला 'सा' न लागणं ही अवस्थाच आठवत नाही, त्याच्याकडे उपाय एकच उरतो : "अहो, असा. सा. ऐका ना. सा!" त्याने स्वतः 'सा' आणखी मोठ्याने लावायचा आणि काकांनी आणखी ओशाळायचं. ज्याने 'ना' साठी तीन महिने दार ठोठावलं आहे, तो निदान काकांना विचारील, की तुम्हाला नेमकं ऐकू काय येतं. संगीत शिकवण्याची कला असं जिला म्हणतात, तिची सुरुवात या प्रश्नापासून होते, आणि हा प्रश्न हुशार मुलांना सुचत नाही.

दुसरी हरकत वडीलधाऱ्यांची असते आणि ती वजनदार असते. एक ना धड, भाराभर चिंध्या. विद्या एका गुरूची, एका घराण्याची, एकाच गोष्टीत आयुष्य घालवावं तेव्हा कुठे चार सूर खरे लागतात. आणि ही आजकालची पोरं दोन दोन श्रेयांकांचा तबला आणि पेटी घेऊन हिंडणार! श्रेयांकांची चेष्टा मला मान्य आहे. 'धा' ला श्रेयांक किती आणि 'तिरकिट' ला किती, असा तक्ता लवकरच कोणीतरी करील. पण परंपरेचं नाव घेणाऱ्यांनी परंपरेकडे एकदा नीट पाहावं. ज्या विष्णू नारायण भातखंड्यांच्या दहा थाटांवर आज हिंदुस्थानी संगीताचे बहुतेक अभ्यासक्रम उभे आहेत, ते गृहस्थ संगीतात शिरले सतार शिकत, आणि पोटासाठी वकिली शिकले. बडोद्यात 1886 साली जी गायनशाळा निघाली, तिचे प्रमुख मौलाबक्ष हे गात होते आणि वीणाही वाजवत होते. बडे गुलाम अली खाँ सारंगी वाजवत होते, अमीर खाँना वडिलांकडून तालीम मिळाली ती आधी सारंगीची. अल्लाउद्दीन खाँसाहेबांचं तर विचारूच नका. सरोद, व्हायोलिन आणि हाताला लागेल ते वाद्य वाजवणाऱ्या या माणसाने मैहरमध्ये अनाथ मुलांचा बँड उभा केला आणि त्यात बंदुकीच्या नळ्यांचं नलतरंगही बसवलं. चिंध्या म्हणायच्याच असतील तर त्या चिंध्यांची गोधडी पुढे अर्ध्या देशाने पांघरली.

यावर वडीलधारे म्हणतील, ते मोठे लोक, त्यांचं सोडा. सोडतो. पण एक उदाहरण सोडवत नाही. हरिप्रसाद चौरसिया अलाहाबादच्या पैलवानाच्या घरातले. बासरीवर त्यांनी 1957 मध्ये कटकच्या आकाशवाणीत नोकरी मिळवली, पुढे मुंबईला आले, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवू लागले. म्हणजे कमावता, नाव झालेला माणूस. तो अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेला, तेव्हा तोवर उजव्या बाजूला धरत होता ती बासरी त्याने डावीकडे धरली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बासरीवाल्याला विचारून पाहा याचा अर्थ काय होतो. भोकं तीच, फुंकर तीच, पण दोन्ही हातांनी आपापली कामं अदलाबदल करायची. इतकी वर्षं खालची भोकं सांभाळणाऱ्या हाताने आता वरती जायचं आणि वरच्याने खाली यायचं. उद्यापासून देवनागरी उजवीकडून डावीकडे लिहा असं कारकुनाला सांगण्यासारखं. नवं वाद्य न घेता जुन्याच वाद्याला नवं करण्याचा हा प्रकार फार महाग आहे. पगारी माणसाला तो परवडणं कठीण. विद्यापीठातल्या मुलाला तीच गोष्ट मंगळवारी अकरा ते एकमध्ये, शुल्कात समाविष्ट अशी मिळते, तर त्याने कुरकुर का करावी?

शिवाय तबला शिकणाऱ्या गायकाच्या स्वभावात एक बदल होतो, तो मैफलीत बसणाऱ्या सगळ्यांच्या फायद्याचा असतो. गायक आणि तबलजी यांचं नातं सासू-सुनेच्या नात्याइतकं जुनं आणि तितकंच साहित्याला पोषक आहे. गायक डोळे मिटून गात असतो, आणि ते डोळे उघडतात ते फक्त तबलजीकडे वटारून पाहण्यासाठी. "ठेका सरळ ठेवा हो." आता विलंबित एकतालाच्या 12 मात्रा म्हणजे काय चीज आहे, हे गायकाला वाटतं की ठाऊक आहे. अतिविलंबितात एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालतं. त्या मिनिटभरात गायक आलापीत गावभर हिंडून येतो, दोन ठिकाणी चहा पितो आणि समेला घरी परततो. तबलजी मात्र तेवढा वेळ दारात कंदील धरून उभा, कंदील हलला तर बोलणी खायची. हा कंदील एकदा, वर्गातल्या मैत्रिणीच्या यमनसाठी, वीस मिनिटं धरून पाहिलेला गायक पुन्हा तसे डोळे वटारत नाही. वटारलेच तर निदान आधी मात्रा मोजून वटारतो. उलट बाजूने तबल्याच्या विद्यार्थ्याला पेटी शिकायला बसवतात तेव्हा त्याच्या वाट्याला लेहरा येतो. एकलवादनात तबलजी कायदे, रेले, चक्रदार अशी आतषबाजी करत असतो आणि शेजारी पेटीवाला 16 मात्रांची एकच ओळ तास तास वाजवत राहतो. ओळ बदलायची नाही, सजवायची नाही, दाद घ्यायची नाही, झोपायचं तर मुळीच नाही. तिहाई पडते, टाळ्या होतात, आणि पेटीवाला तीच ओळ पुढे वाजवतो. वामनाने बळीला पाताळात घातलं, पण निदान एका पावलात.

पेटीचं नाव निघालं की तिसरी हरकत उभी राहते, आणि ती सगळ्यांत शास्त्रीय आहे. पेटीने कान बिघडतात. पेटीचे सूर सप्तकाचे बारा समान तुकडे करून ठेवलेले. त्यातला शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा अर्धस्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याने चढा. मींड तर तिच्या जन्मात नाही. याच रागापोटी 1940 मध्ये रेडिओवर पेटीला बंदी झाली आणि ती तीसेक वर्षं टिकली. तिकडे महाराष्ट्राने मात्र पेटी सोडली नाही. 1911 च्या 'मानापमान' नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे मुळात पेटीवाले, आणि त्यांच्या पेटीची आठवण काढताना जुन्या रसिकांचा आवाज आजही बसतो, म्हणजे वाईट अर्थाने नव्हे. असो. हरकत खरी आहे, आणि म्हणूनच मी तिला माझ्या बाजूचा पुरावा मानतो. गाणाऱ्या मुलाला जोवर सूर आपोआप लागतात, तोवर त्याला श्रुती हा सैद्धान्तिक प्रश्नपत्रिकेतला एक तापदायक प्रश्न वाटतो : बावीस श्रुतींची नावे लिहा. त्याला काळी एकमधला दरबारी पेटीवर काढायला लावा. सगळे सूर सापडतात, फक्त गंधार सापडत नाही. पट्टी दाबली की एक कोमल गंधार वाजतो, पण तो दरबारीचा नसतो. तो कुठल्याही रागाला भाड्याने मिळणारा गंधार असतो. दरबारीतला खाली, डुलत राहणारा गंधार दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी पडलेला असतो आणि तिथे बोट जात नाही. तो फटीत आहे हे ज्या दुपारी कळतं, त्या दुपारी बावीस श्रुतींची नावं पाठ नसली तरी चालतं. कान बिघडायला आधी तो आपल्याला आहे हे समजावं लागतं.

बाकीच्या हरकती किरकोळ आहेत. अठराव्या वर्षी बोटं वळत नाहीत म्हणतात. नाही वळत, तितकी नाहीच वळत, पण इथे कोणाला अहमदजान थिरकवाँ व्हायचं आहे? वसतिगृहातल्या शेजाऱ्यांचं काय, तर त्याच वसतिगृहात अभियांत्रिकीची मुलं रात्री दोन वाजता वाढदिवस साजरे करतात, त्यांना सकाळी सहाचा 'ना' ऐकवणं हा निव्वळ न्याय आहे. हे पाश्चात्त्य फॅड आहे, असंही कोणी सुचवतं. तिकडच्या संगीत महाविद्यालयांत मुख्य वाद्य कुठलंही असलं तरी थोडाफार पियानो बहुतेकांना करावाच लागतो, आणि अमेरिकेत शाळेतले संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांना तंतुवाद्यं, फुंकवाद्यं, तालवाद्यं असं सगळं थोडं थोडं वाजवून पाहावं लागतं. म्हणजे गोड सनईसारखा क्लॅरिनेट वाजवणारा एखादा तरणाबांड गडी एका सत्रात व्हायोलिनवर मांजरं रडवतो. फॅड असेल तर माणुसकीचं फॅड आहे.

खरी, चिवट हरकत शेवटी येते ती तंबोऱ्याच्या वेळी. गायकाला वाद्य शिकवायचंच तर सगळ्यांत आधी ते तंबोरा असायला हवं, आणि नेमकं तेच कोणाला वाद्य वाटत नाही. जुन्या पद्धतीत शिष्याचं पहिलं नवं वाद्य हेच होतं : गुरूच्या मागे बसून वर्षानुवर्षं तार छेडणे. आता मुलं म्हणतात, "सर, मोबाइलवर ॲप आहे की." आणि ॲप आहेच. पट्टी निवडा, काळी चार, पंचमाचा की मध्यमाचा, वेग किती, झालं. अगदी सुरात, न थकता, खर्च शून्य. या हरकतीला उत्तर देणं खरोखर अवघड आहे, कारण ॲप चुकत नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे. जे चुकू शकत नाही, त्याच्याकडून चूक ऐकायला कसं शिकणार? पेटीने मुलाला गंधार कुठे नाही हे दाखवलं. तो कुठे आहे हे दाखवायचं काम तंबोऱ्याचं, आणि तंबोरा ते फुकट करत नाही.

तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, पंढरपूरच्या बाजूला पिकलेल्या भोपळ्यापासून झालेला एक तंबोरा विभागाच्या कोपऱ्यात गवसणी घालून उभा असतो. 2024 मध्ये मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं त्या तंबोऱ्याला सुखदुःख नाही. आकाशाला गवसणी घालण्याची स्वप्नं पाहत आलेला मुलगा आधी ही गवसणी काढतो, आणि ती पुन्हा घालताना उलटी घालणार असतो, पण ते नंतर. तंबोरा मांडीवर येतो. चार तारा : पंचम, मग जोडाच्या दोन, मग पितळी खर्ज. पंचम मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने. छेडणं दोन मिनिटांत जमतं, आणि मग सांगितलं जातं, "आता लाव." खुंटी पिळली की ती एक तर जागची हलत नाही, नाही तर सपशेल घसरते; तेव्हा कोणी अनुभवी माणूस खिशातून खडूचा तुकडा काढून खुंटीला चोळतो, जणू तो खडू फळ्यासाठी कधी नव्हताच. जोड लागला असं वाटतं तोच त्यात लाटा ऐकू येतात, उंच, बसक्या, उंच, बसक्या. मणी केसभर सरकवला की लाटा संथ होतात. आणखी केसभर सरकवला की विरतात, किंवा दुसऱ्या बाजूने पुन्हा येतात. मग घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा इकडून तिकडे सरकवत जवारी शोधायची. दोरा योग्य जागी आला की तार भणभणू लागते, एरवी ती नुसतीच तार असते. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. वर्गातली मुलं मोबाइल पाहू लागतात. मुलाच्या कपाळावर घाम असतो. ज्याने आजवर 'सा' लावताना कधी विचार केला नव्हता, तो एका 'सा' च्या मागे पंचवीस मिनिटं लागलेला असतो.

आणि मग चारही तारा एकदम मिळतात. चार वेगळ्या तारा आहेत हे ऐकूच येईनासं होतं, एक गोल घुमणारी गोष्ट होते, आणि त्या घुमण्याच्या वर, कोणीही न छेडलेला एक गंधार स्पष्ट बोलू लागतो. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा उपस्वर, असं त्याला प्रश्नपत्रिकेत म्हणतात. पेटीतल्यासारखा तो चढा नसतो, तो आपल्याच जागी असतो. मुलगा मान वर करत नाही. त्याने तो लिहिला होता, ओळखला होता, सात परीक्षांत, ऐकला नव्हता. तो डोळे मिटतो. तेवढ्यात उशिरा आलेला एक जण घाम पुसत वर्गात शिरतो, "काय उकडतंय" असं म्हणतो आणि पंखा लावतो.